एकशे छप्पन किलोमीटर

स्कॅनरच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं: दोष नाही. वहिनीने वायर उपसली, पिनांवर फुंकर मारली, परत खोचली आणि चौथ्यांदा बटण दाबलं. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि पुन्हा तेच सांगितलं. दोष नाही. यंत्राच्या कानाखाली आवाज काढता आला असता तर तिने मागेपुढे पाहिलं नसतं.

वहिनी म्हणजे या गॅरेजची वहिनी. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी. पण तो माणूस गेली नऊ वर्षं येता-जाता दारात गाडी थांबवून "वहिनी, ओ वहिनी" करत आलाय, त्यामुळे गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. आता साठीचे लोकही तिला वहिनी म्हणतात आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. नवरा पान्याची कामं बघतो, ती वायरिंग आणि स्कॅनर बघते. डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं की लोक घाबरेघुबरे होऊन तिच्याकडे येतात. ती स्टिअरिंगखाली वायर खोचते, गाडीचा संगणक कोणत्या सेन्सरच्या नावाने कुरकुरतोय त्याचा कोड वाचते, वहीत लिहिते, मग कोड पुसते. दिवा जातो, गिऱ्हाइकाच्या जिवात जीव येतो. भिंतीवर तिने स्वतः खडूने लिहून ठेवलंय: आधी लिहा, मग पुसा. नवरा त्यावरून तिला चिडवतो, की हे देवाला सांगितल्यासारखं भिंतीला काय सांगतेस.

आणि तो माणूस म्हणजे तिचा दीर. शाळेची व्हॅन चालवतो. त्याला सगळे चाळीस म्हणतात, कारण नऊ वर्षांत त्याच्या गाडीचा काटा चाळीसच्या वर गेलेला कुणी पाहिला नाही. सायकलवाले त्याला मागे टाकतात आणि वर हात हलवून जातात. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याच्या गाडीमागे धावत नाहीत, शेजारून चालतात. लोकांनी किती थट्टा केली तरी हा गडी हसून म्हणायचा, "माझ्या गाडीत अकरा घरांचा जीव बसलेला असतो."

हे खरं तर चुकीचं होतं. मुलं अकरा, पण घरं दहा, कारण त्यात दोघी जुळ्या. असो.

काल सकाळी हीच व्हॅन त्या अकरा मुलांसकट रेल्वे फाटकावर बंद पडली. बरोबर रुळांवर. फाटक उघडलं, पुढची दोन वाहनं गेली, चाळीसची गाडी दुसऱ्या रुळावर आली आणि इंजिन गप्प. त्याने सेल मारला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मारला नाही. दार सरकवलं, मुलांना दप्तरांसकट बाहेर काढलं, पलीकडे नेऊन भिंतीला टेकवून उभं केलं आणि मोजलं. अकरा. परत मोजलं. तोवर फाटकाची घंटा वाजायला लागली होती. गेटमन लाल झेंडी घेऊन धावला, आगगाडी दोनशे पावलांवर थांबली, चार माणसांनी व्हॅन ढकलून बाहेर काढली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण दहा घरांमध्ये काल चूल थंड होती, हे सांगायला नकोच.

शाळेचा मॅनेजर वीस मिनिटांत तिथे पोचला. किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू. मॅनेजरने चाळीसकडे असं पाहिलं की त्या बापड्याने मान खाली घातली. मग मॅनेजरने स्वतःच व्हॅन चालवत गॅरेजमध्ये आणून लावली आणि वहिनीला म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. हा झोपला असेल, नाहीतर क्लच सोडला असेल. उद्या चारला शाळेत बैठक आहे. तुमचा तपासणीचा कागद लागेल. तुमचे दीर आहेत ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो, मला कागदावर शब्द नकोत. कोड हवा. कोड नसेल तर मी याला काढणार आणि लायसन्स रद्द करायला पाठवणार."

आणि आज सकाळपासून पडदा म्हणत होता: दोष नाही.

चाळीस कोपऱ्यातल्या टायरच्या ढिगावर बसून होता. सकाळी आणलेला चहा त्याच्या शेजारी तसाच गार झाला होता. वहिनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग परत पाहिलं नाही.

नवरा गाडीखालून सरपटत बाहेर आला. हात पुसत हळूच म्हणाला, "लिहून टाक ना एखादा सेन्सर. कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय," वहिनी म्हणाली.

"अगं, भाऊ आहे माझा."

"म्हणूनच. खोटा सेन्सर लिहिला आणि तोच बदलला, तर खरा बिघाड गाडीतच राहील ना? उद्या परत मुलं भरून तीच गाडी तुमच्या भावाच्या हातात. आणि फाटक तिथेच आहे."

नवरा परत गाडीखाली गेला. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचाच त्याला राग आला होता. थोडा वेळ खालून पाना जरा जास्तच आपटल्याचा आवाज येत राहिला.

वहिनी स्कॅनरमध्ये आणखी आत शिरली. या यंत्रात एरवी कुणी बघत नाही अशी पानं असतात. इंजिन किती तापलं, हवा किती आली, असले आकडे. तिथेच एका ओळीवर तिची नजर अडली. कोड पुसल्यापासूनचं अंतर: एकशे छप्पन किलोमीटर.

तिच्या मनात पाल चुकचुकली. एकशे छप्पन म्हणजे काल-परवाचीच गोष्ट. तिच्या वहीत या व्हॅनची शेवटची नोंद होती दीड महिन्यापूर्वीची. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं की वास बाहेर जातो आणि दिवा लागतो, ते. त्याआधीही एकदा तेच झाकण. दीड महिन्यात ही गाडी हजाराच्या वर चालली असणार. मग मधे हा कोड पुसला कुणी? म्हणजे दिवा लागला होता. गाडी ओरडून सांगत होती आणि कुणीतरी तिचं तोंड दाबलं होतं. कुठलं घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना, पण खातंय हे नक्की होतं.

ती उठून टायरच्या ढिगापाशी गेली. "भाऊजी, खरं सांगा. मधल्या काळात दिवा लागला होता? दुसऱ्या कुणाकडे नेली होती गाडी?"

चाळीसने टोपी हातात फिरवली. "नाही."

"मग कोड कुणी पुसला?"

"मला काय माहीत, वहिनी. मला त्यातलं काय कळतं."

हा माणूस खोटं बोलताना डाव्या हाताने कान खाजवतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं. आत्ता तो कान खाजवत होता. तिला संताप आला. अरे, तुझ्या नोकरीसाठी मी इथे डोकं फोडून घेतेय आणि तू माझ्याशीच लपवाछपवी करतोस? कुठल्यातरी फुटकळ गॅरेजात जाऊन दिवा घालवून आला असेल आणि आता सांगायची लाज वाटतेय. पण भांडायला वेळ नव्हता. बारा वाजून गेले होते.

"बरं, ते राहू दे. इंजिन बंद पडलं तेव्हा कसं पडलं? आचके दिले? गाडी हिसकली?"

"काही नाही. कुणीतरी किल्ली फिरवून बंद करावं तसं. आरपीएमची सुई एकदम खाली. गाडी अजून पुढे सरकत होती आणि सुई शून्यावर."

वहिनी तिथेच थांबली. क्लच चुकला तर गाडी आचके देते, धडधडते, मग मरते. सुई अशी एकदम पडत नाही. हा माणूस दिव्याबद्दल खोटं बोलत असेल, पण सुईबद्दल नाही. हे खोटं सुचायला निम्मा मेकॅनिक असावं लागतं, आणि याला तर बॉनेट उघडायची दांडीसुद्धा दरवेळी शोधावी लागते.

इंजिनाचे फेरे मोजणारा एक बोटाएवढा सेन्सर असतो. इंजिन फिरतंय एवढंच तो संगणकाला सांगत राहतो. तो गप्प झाला की संगणकाला वाटतं, इंजिन कुणी बंद केलं, आणि तो पेट्रोलही थांबवतो आणि ठिणगीही. असे काही सेन्सर म्हातारे झाले की थंड असताना चोख काम करतात आणि तापले की मान टाकतात. निवले की परत चोख. वर संगणक तक्रारही करेलच असं नाही, कारण त्याच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं. इंजिन बंद केलं, बंद झालं. आता हे मॅनेजरला तोंडी सांगितलं असतं तर त्याने दिराची बाजू घेतेय म्हणून हसण्यावारी नेलं असतं. त्याला डोळ्यांनी दाखवायला हवं होतं.

तिने इंजिन सुरू करून ठेवलं. बॉनेट बंद, एसी चालू. अर्धा तास गेला. तास गेला. इंजिन गुरगुरत राहिलं. दीड तास झाला तेव्हा नवऱ्यानेही काम सोडलं आणि येऊन शेजारी उभा राहिला. तिघे त्या गाडीकडे बघत होते आणि ती मेली बंद पडायचं नाव घेत नव्हती. एरवी गाडी सुरू राहावी म्हणून हातापाया पडणारी ही माणसं, आज ती बंद पडावी म्हणून जीव टांगणीला लावून बसली होती.

दोनला मॅनेजर आला, फाइल काखेत. इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाला, "छान चालतंय की. मिळाला कोड?"

"नाही मिळाला," वहिनी म्हणाली. "पण तुम्ही काल ती वीस मिनिटांनी सुरू केलीत. निवल्यावर. आणि ही इथे पंख्याखाली उभी आहे. मला ती यांच्यासारखी चालवायची आहे. तीच फेरी, तेच थांबे, तेवढाच वेळ. तुम्ही मागे बसा आणि स्वतः बघा. चारच्या आत नाही पडली, तर मी लिहून देते की गाडीत दोष नाही. माझ्या सहीने."

चाळीसने मान वर केली. नवरा काहीतरी बोलणार होता, तिने हातानेच थांबवलं. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. काल रात्री दहा घरांतून त्याला फोन आले होते आणि एकाही फोनवर त्याला उत्तर देता आलं नव्हतं. "चला," तो म्हणाला.

चाळीसला चालवायची बंदी, म्हणून वहिनी स्टिअरिंगवर, तो शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन, आणि मॅनेजर मागे पोरांच्या बुटक्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. पहिला थांबा दवाखान्याच्या कोपऱ्यावर. "इथे दीड मिनिट," चाळीस म्हणाला. "याची आई डबा विसरते, परत वर जाते." दुसरा थांबा पिवळ्या इमारतीपाशी. "इथे एक मिनिट. हा रोज रडतो, मग गाडीत बसला की गप्प." तिसऱ्या थांब्यावर त्याने नुसती दोन बोटं दाखवली आणि दोन मिनिटं ते तिघे इंजिन चालू ठेवून, एका रिकाम्या फुटपाथकडे बघत बसले. आरपीएम सातशे ऐंशी. जराही हलत नव्हतं.

चौथ्या थांब्यावर माणसं होती. एक बाई दोन सारख्या फ्रॉकमधल्या मुलींना शाळेतून चालत घरी आणत होती. मुलींनी व्हॅन ओळखली. "चाळीस काका," एकीने हाक मारली आणि दोघी हात सोडून पळत निघाल्या. आईने त्यांना मागून असं ओढलं की एकीच्या खांद्यावरचं दप्तर निसटलं. तिने दोघींना पाठीशी घातलं आणि खिडकीतून चाळीसकडे पाहिलं. चाळीसने हलवायला वर उचललेला हात तसाच खाली घेतला आणि पुढची सगळी दोन मिनिटं पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिला. नोकरी जाईल ती जाईल, दुसरी काहीतरी मिळेल. पण या गावात ही नजर आता त्याला जन्मभर पुरणार होती.

गाडी पुढे निघाली. मॅनेजरलाही ते बघवलं नसावं. तो उगाच फाइल चाळत म्हणाला, "एकोणीस किलोमीटरची फेरी. सकाळी एक, दुपारी एक. रोज अडतीस किलोमीटर, नऊ वर्षं. आणि एका दिवसात सगळं मातीला मिळालं."

अडतीस. वहिनीच्या डोक्यात आकडे आपोआप फिरायला लागले. काल फाटकापर्यंत पंधरा, तिथून मॅनेजरने आणली ती आठ. तेवीस. मंगळवार अडतीस, सोमवार अडतीस. शनिवार-रविवार शाळा बंद. शुक्रवार अडतीस. एकूण एकशे सदतीस. एकशे छप्पनला उरले एकोणीस. म्हणजे एक फेरी. मागच्या गुरुवारची दुपारची. म्हणजे कोड पुसला गेला तो गुरुवारी, दोन फेऱ्यांच्या मधे, भर दुपारी.

आणि मग तिला तो गुरुवार आठवला.

फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला. पलीकडे स्पेअर पार्टवाला, चुकीचा पंप पाठवून वर हुज्जत घालणारा. लिफ्टवर एक गाडी, दारात दुसरी. आणि दारातून ती नेहमीची हाक, "वहिनी, ओ वहिनी, दिवा लागलाय." ती फोन न सोडता गेली होती, खिडकीतून हात घालून वायर खोचली होती. "झाकण नीट लावत नाही तुम्ही भाऊजी, तिसरी वेळ झाली, लहान आहात का?" म्हणून हसली होती. तो म्हणत होता, "नाही हो वहिनी, टक्क आवाज येईपर्यंत फिरवलं होतं." तिने वाचलंच नव्हतं. पडद्याकडे न बघता अंगठ्याने दोन बटणं दाबली होती. दिवा गेला होता. वहीत लिहायला वहीच जवळ नव्हती. भिंतीवरचं ते वाक्य तिच्या पाठीमागे होतं.

काय लिहिलं असेल त्या पडद्यावर? तिला पक्कं माहीत होतं काय लिहिलं असेल. त्या दिवशी त्या सेन्सरने पहिल्यांदा, क्षणभरच, मान टाकली होती आणि संगणकाने ते नोंदवलं होतं, एकदाच. ती एक नोंद तिने वाचली असती, तर अर्ध्या तासात सेन्सर बदलून झाला असता आणि कालची सकाळ इतर सकाळींसारखी गेली असती.

तिने शेजारी पाहिलं. चाळीस समोर बघत होता. डावा हात कानाशी.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "मागच्या गुरुवारी दुपारी..."

"पुढे डावीकडे, वहिनी," तो घाईने म्हणाला. "खड्डा आहे तिथे, सांभाळून."

मागे मॅनेजर बसला होता. वहिनीने डावीकडे वळवली. म्हणजे याला सगळं माहीत होतं. कालपासून. मॅनेजरसमोर मान खाली घालून उभा राहिला तेव्हाही, दुपारी मी खडसावलं तेव्हाही. मूग गिळून बसला होता तो माझ्यासाठी, आणि मी मात्र मनातल्या मनात त्याला लाख शिव्या दिल्या. तिला त्याक्षणी गाडी थांबवून उतरून जावंसं वाटलं. पण पुढचे सहा थांबे बाकी होते आणि प्रत्येक ठिकाणी मिनिट-दोन मिनिटं थांबायचं होतं. ती थांबत गेली.

फाटकापाशी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. फाटक बंद होतं. "काल किती वेळ बंद होतं?" तिने विचारलं. "बारा-तेरा मिनिटं," चाळीस म्हणाला. "मुलं उकडतंय म्हणाली म्हणून इंजिन चालू ठेवलं, एसीसाठी." तिनेही चालू ठेवलं. पुढे दोन मोटारी, मागे एक ट्रक. मॅनेजर मागून पुढे वाकून पडद्याकडे बघत होता. सातशे ऐंशी. सातशे ऐंशी. रेल्वे धडधडत गेली. घंटा थांबली. फाटक वर जायला लागलं आणि पुढच्या मोटारी निघाल्या.

"चला ना," मॅनेजर म्हणाला.

वहिनीने हातब्रेक ओढून ठेवला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. तिने खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायची खूण केली. ट्रक शिव्या घालत बाजूने गेला. त्यामागून आणखी चार वाहनं गेली. आता त्यांच्यासमोर फक्त रूळ होते, उन्हात चकाकणारे, आणि चाळीसने पुढची दांडी मुठीत घट्ट धरली होती.

"वहिनी, चारची बैठक आहे," मॅनेजर म्हणाला. "मला वाटतं आता..."

आकडा शून्य झाला.

कुठे धडधड नाही, आचका नाही. एसीचा वारा मंदावला आणि बाहेरच्या कावळ्यांचा आवाज आत आला. मग वहिनीने किल्ली फिरवली. सेल घरघरला, इंजिन फिरताना ऐकू येत होतं.

"आकडा बघा," ती मॅनेजरला म्हणाली. "इंजिन फिरतंय, तुम्ही ऐकताय. आणि तो सेन्सर सांगतोय शून्य. काल हेच झालं, दहा पावलं पुढे."

तिने बॉनेट उघडलं, चाळीसच्या बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवलं आणि त्या बोटाएवढ्या सेन्सरवर दाबून धरलं. चटका बसला तरी हात काढला नाही. सहा-सात मिनिटांनी परत सेल मारला. आकडा अडीचशे, मग नऊशे. इंजिन सुरू.

मॅनेजर चाळीससमोर जाऊन म्हणाला, "माझं चुकलं." एवढंच, पण म्हणाला. चाळीस रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं.

मॅनेजरने बॉनेटवरच फाइल ठेवून वहिनीला कागद दिला. तिने लिहिलं, सेन्सरचं नाव, काय पाहिलं, किती वाजता. खाली एक छापील ओळ होती: याआधी या दोषाची खूण दिसली होती का?

"ते काय, असंच असतं," मॅनेजर म्हणाला. "नाही लिहा."

"दिवा कधीच लागला नव्हता, साहेब," चाळीस उठत म्हणाला. जरा मोठ्यानेच. "मी रोज बघतो. एकदाही नाही."

वहिनीने पेन धरून ठेवलं. नाही, हे दोनच अक्षरांचं उत्तर. दीर सुटला होता, सेन्सर सापडला होता, कुणाला काही कळणार नव्हतं. एकशे छप्पनचा आकडा वाचता येणारी त्या गावात ती एकटीच होती. आणि शाळेच्या चारही व्हॅन तिच्याकडे यायच्या; त्यांच्याच जोरावर गॅरेज उभं होतं, हे चाळीसला जितकं ठाऊक होतं तितकंच तिलाही.

"लागला होता," ती म्हणाली. "मागच्या गुरुवारी. यांनी गाडी माझ्याकडे आणली होती. मी न वाचता कोड पुसला." आणि तेच तिने लिहिलं, सुवाच्य अक्षरात, वेळेसकट.

मॅनेजरने कागद वाचला. पुन्हा वाचला. घडी घालून फाइलमध्ये ठेवला. "उद्यापासून हा कामावर येईल," तो म्हणाला. "गाड्या मात्र आता दुसरीकडे तपासायला जातील. तुम्ही समजून घ्याल."

"घेईन," वहिनी म्हणाली.

परतताना चाळीस तिच्यावर चिडला होता. "काय गरज होती? मिटलं होतं ना सगळं? दादाला काय सांगणार आहात आता?"

"तुम्ही काल का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुम्ही म्हणालात झाकण, मलाही वाटलं झाकण. तुमच्या पोटावर पाय देऊन मी माझी नोकरी वाचवू?" मग जरा वेळाने, "सांगू नका घरी. मी बोलतो दादाशी."

गॅरेजात पोचताच तिने स्वतःच सांगितलं. नवऱ्याने उठून नवा सेन्सर खोक्यातून काढला आणि दोघांनी मिळून तो बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस व्हॅन घेऊन निघाला तेव्हा वहिनी शेजारी येऊन बसली. कशाला, असं त्याने विचारलं. तिने सीटबेल्ट लावला. पहिल्या थांब्यावर तिने खाली उतरून डबा विसरणाऱ्या आईला सांगितलं. दुसऱ्यावर आजोबांना. तिसऱ्यावर एका बापाला; तो तिच्यावर चांगलाच ओरडला, तिने ऐकून घेतलं. चौथ्या थांब्यावर ती बाई दोन्ही मुलींचे हात धरून उभी होती. व्हॅन थांबली तरी जागची हलली नाही.

वहिनी उतरली. "परवा फाटकावर जे झालं त्यात यांची चूक नाही," ती म्हणाली. "गाडीने आठवडाभर आधी दिवा लावून सांगितलं होतं. यांनी ती माझ्याकडे आणली. मी घाईत होते. न वाचता दिवा घालवला."

बाईने तिच्याकडे नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत. "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगा आहे."

"मग?" बाई म्हणाली.

वहिनी मान खाली घालून उभी राहिली. बाई तिला वळसा घालून व्हॅनच्या दारापाशी गेली, एकेक करून दोन्ही मुलींना आत चढवलं आणि पुढच्या खिडकीशी येऊन चाळीसला म्हणाली, "काका, हळू न्या."

"चाळीसच्या वर जात नाही, ताई," तो म्हणाला.

बाई गेली. वहिनी अजून तिथेच होती. चाळीसने आतून दार उघडलं. "बसा, वहिनी. घरी सोडतो वाटेत. पुरे झालं आता."

वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि आत बसली. "अजून सहा थांबे आहेत," ती म्हणाली. "चला."